सातच्या बातम्या

आई,

तुम्ही पिल्लूला घेऊन बागेतून येईपर्यंत मी निघालेली असेन. पिठाच्या डब्यामागे मी लपवलेला रिमोट परत जागेवर ठेवलाय.

काल तो बातम्यांची धून गुणगुणायला लागला आणि मी तोंडाचा पट्टा सोडला, की दोन वर्षांच्या पोराला टीव्हीपुढे बसवताच कशाला. नंतर तुमच्या लेकानं सांगितलं, की टीव्ही तुम्ही फक्त सातला लावता, मी बातम्या द्यायला बसते तेव्हा. परवा म्हणे पिल्लूनं पडद्यावरच्या माझ्यापुढे चेंडू धरला. मी आपली वाचतच राहिले, तेव्हा हुंदके देऊन रडला. मला लागेल म्हणून हे तुम्ही पोटातच ठेवलंत. माझं चुकलं, आई.

दुपारी तो उठला की पंधरा मिनिटं गाणी लावून द्या, तुमचा चहा एकदा तरी गरम असताना पिऊन होईल. सातला मात्र टीव्ही नको. साडेआठला मी पोचतेच. चेंडू तेवढा दाराशी ठेवा.