साहेबांना पाठवलेला मेल

गुंडूदादा,

काल गडमुडशिंगीला तुझ्या घरी आले, तेव्हा तू डाव्या हातात मोबाईल धरून पाहुण्यांना माझा मेल दाखवत होतास. "बघा की पावणं, माझ्या बहिणीनं साहेबाला इंग्लिशमधी लिवलं हुतं." मी चहाच्या निमित्तानं आत पळाले.

त्या दिवशी तू कारखान्यातला पत्रा दाबायचा प्रेस बंद करून ओरडत होतास, "हाताम्होरची जाळी तुटल्या, माझा हात जाईल की!" मीच कारखान्याच्या ऑफिसातून धावत आले. म्हटलं, दादा, ओरडू नकोस. तक्रार उपायासकट, सभ्य इंग्रजीत मांडायची असते. शाहूपुरीच्या इंग्रजीच्या क्लासात तेच शिकवलं होतं.

तू आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलास. मेल गेल्यावर मीच म्हटलं, आता मशीन चालू कर.

साहेबांनी उत्तरात माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं. जाळी आलीच नाही. आठव्या दिवशी तुझा उजवा हात गेला.

हे पत्र तुला द्यायचा धीर मला होणार नाही, तरी लिहिते. मी मेलमध्ये लिहिलं होतं, 'सुरक्षेत थोडी सुधारणा करता येईल. सवडीनं जाळी बदलावी.'

दादा, तो मेल कुणाला दाखवू नकोस. त्यात तुझ्या हाताचं नावसुद्धा नाही.

तुला गप्प बसवणारी,
पूर्णिमा