टाळूतला खळगा

अम्मा, आज दुपारी वॉर्डात एका बाईला मी खरं काय ते सांगून टाकलं, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तू जाऊन अकरा वर्षं झाली. जिवंत होतीस तेव्हा हा विषय मी कधी पुढे जाऊ दिला नाही.

धाकटी जन्मली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वेस्ट मांबलमच्या त्या दोन खोल्यांत तू भिंतीला टेकून तिला पाजत बसली आहेस. ती चार घोट घेते, ठसकते, आणि दूध नाकावाटे परत तुझ्या पदरावर येतं. चेहरा अगदी नितळ, ओठ कोरून काढल्यासारखे. बघायला येणारा प्रत्येकजण म्हणे, मूल सुरेख आहे, फक्त प्यायला आळशी. एका सकाळी तू तिच्या तोंडात करंगळी घातलीस आणि बराच वेळ तशीच बसलीस. मग स्वयंपाकघरात जाऊन आत्याला म्हणालीस, "हिच्या टाळूंत खळगा आहे." आत्या कीरैची पालेभाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळ्याच लेंकरांच्या टाळूंत असतो. तेल भर." आपल्या भाषेत डोक्यावरची मऊ जागाही टाळू आणि तोंडातला वरचा भागही टाळूच. त्या दिवसापासून रोज तिच्या डोक्यावर तेल थापलं गेलं. तू पुन्हा बोलली नाहीस. डॉक्टरांपुढेही आत्याच बोलली, "हिचं दूध पोरीला मानवत नाही." त्यांनी छातीला नळी लावली, पोट दाबून पाहिलं, एक बाटली दिली. तोंड उघडून कुणी बघितलं नाही. दीड महिन्याची झाली तेव्हा तिची छाती घरघरू लागली, आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर पाळणा भिंतीशी उभा करून ठेवला होता.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आमच्या बाईंनी एका बाळाच्या तोंडात टॉर्च मारून दाखवला. ओठ धड, हिरड्या धड, आणि मागे टाळूच्या जागी भगदाड. "बाहेरून काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "दूध नाकातून आलं की आत बघायचं. असं मूल ओढू शकत नाही. उभं धरून पालाडैनं पाजा, जगतं." पालाडै म्हणजे आपलं बोंडलं. आपल्या घरी ते होतं, अम्मा. चांदीचं, तुझ्या माहेरून तंजावरहून आलेलं. धाकटी अंगावर पिणारी तान्ही म्हणून ते कपाटातच राहिलं. मी वही तशीच टाकून बाहेर आले आणि नळाखाली तोंड धूत राहिले.

त्या रविवारी घरी आले तेव्हा तू अडैसाठी डाळ-तांदळाचं पीठ वाटत होतीस. हात न थांबवता विचारलंस, "कां गे, आपल्या बाळाला काय झालेलं, ते तुमच्या पुस्तकांत असतंय?" मी म्हटलं, "नाही, असलं नसतं पुस्तकांत." तू मान हलवलीस. "माझंच दूध वाईट," म्हणालीस, आणि पीठ काढून घेतलंस. दोष तुझा नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण ते सांगितलं की पुढचंही सांगावं लागलं असतं, की ती वाचली असती. ते तुला पेलवेल असं मला वाटलं नाही. पुढे माझी मुलगी झाली, तेव्हा पहिल्यांदा पाजताना तू खोलीबाहेर जाऊन उभी राहिलीस, तुझी सावलीसुद्धा माझ्या दुधावर नको म्हणून. तेव्हाही मी गप्प राहिले.

आज आलेली बाई तेवीस-चोवीस वर्षांची. नवरा गुम्मिडिपूंडीला कारखान्यात. बाळ वीस दिवसांचं, कातडी सुरकुतलेली. मी टॉर्च मारला आणि तेच भगदाड दिसलं. दूध काढायला लावलं, बाळाला उभं कसं धरायचं ते दाखवलं, पालाडै तिच्या हातात दिली. अर्ध्या तासात बाळ पोटभर प्यालं. नाकातून थेंबभर आलं, तेवढंच. ती हसली. मग एकाएकी हसू गेलं. "मॅडम, माझ्या पहिल्याचंही दूध नाकातून यायचं. दोन महिन्यांनी गेला. त्यालाही हेच होतं?"

वीस-पंचवीस वर्षं मी आयांना शिकवतेय, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. म्हटलं, "असावं. मी पाहिलं नाही, पण असावं. यात तुझी काही चूक नाही." तिनं शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. "म्हणजे एवढ्यानं तो राहिला असता?" तिनं पालाडै माझ्यापुढे धरली. मी हो म्हटलं. ती रडली नाही. बाळाला माझ्या मांडीवर ठेवून भिंतीकडे तोंड करून बसली. संध्याकाळचं पाजायला उठली नाही. सासूनं पाजलं, मी शेजारी उभी राहून. टाळू शिवायच्या ऑपरेशनला बाळाचं वजन वाढायला हवं. ही उठली नाही तर कसं वाढणार, मला कळत नाही. तुला खोटं सांगितलं तर तू आयुष्यभर स्वतःला दोष देत राहिलीस. हिला खरं सांगितलं तर ही भिंतीकडे वळली. तिसरं काय सांगायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. पण एक कबूल करते. तू मराठी तमिळ अक्षरांत लिहायचीस, वाचायचीस. देवनागरी तुला येत नव्हती. मला दोन्ही येतात. आज लिहायला बसले तेव्हा, तू नाहीस हे ठाऊक असूनही, मी देवनागरीच निवडली.