थंडच आहे अजून

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पाया पडतो. मी बरा आहे. चिमणीचा हलणारा दात पडला का? फोन सोडून हा पत्र कधीपासून लिहायला लागला म्हणून हसशील. हस. अक्षर सांभाळून घे, सहावीपुढं माझं काही जमलं नाही हे तुला ठाऊकच आहे.

इथं दुकानात उन्हावर पाणी तापवायची यंत्रं दुरुस्तीला येतात. त्यांत तांब्याची बंद नळी असते. आत घोटभर पाणी, हवा अजिबात नाही. खालचं टोक तापलं की पाण्याची वाफ वर पळते आणि वरचं टोक लगेच चटका देतं. मालक म्हणाले, नवीन मागवा. मी म्हटलं, ह्यात काय आहे, मीच करतो. आठ-दहा झाल्या की तुझ्या गच्चीवरही गरम पाणी.

दाजी म्हणाले, "तडतड्या, आधी समजून तरी घे." पाणी उकळू द्यायचं, वाफेनं आतली हवा बाहेर घालवायची, मग तोंड बंद करायचं. एवढंच. मला तेवढाही धीर निघाला नाही. थंड पाणी भरलं, तेही अर्धी नळी, आणि टोपणं बसवून डाग दिला. डागही कच्चाच.

तपासायची गरम पाण्यात बुडवून. मी सरळ गॅसची ज्योत लावली. वरचं टोक दाजींच्या हातात.

"आलं का?"

"थंडच आहे अजून."

ज्योत वाढवली. "आता?"

"थंडच आहे रे."

आत हवा अडून बसलेली, ऊब पोचणार कशी? मी आणखी वाढवली. दाजी वाकून बघायला गेले.

ताई, टोपण उडालं. उकळतं पाणी त्यांच्या तोंडावर.

दाजींचा फोन बिघडलाय म्हणालो ते खोटं. तो माझ्या खिशात आहे. पाच दिवस ते दवाखान्यात आहेत, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. "तिला कळवू नकोस, जीव टांगणीला लागेल," म्हणतात. त्यांना इथं मीच बोलावून घेतलं होतं ना.

काल विचारलं, "दुसरी केलीस का?" मी मान हलवली. मग आठवलं, त्यांना दिसत नाही.

"कर. आणि ह्या वेळी उकळू दे."

आज सकाळी केली. दवाखान्यात नेली, एक टोक पेल्यातल्या गरम पाण्यात, दुसरं त्यांच्या बोटांत. त्यांनी झटकन हात काढला. "पोचलं की रे, गाढवा!" हसले. मला हसता आलं नाही.

शनिवारी पट्टी सोडणार. उजवा डोळा वाचेल म्हणतात. डाव्याबद्दल विचारलं की डॉक्टर कागद चाळतात.

पत्र दुकानाच्या ड्रायव्हरकडे देतोय. तो गुरुवारी तिकडून परत इकडे निघेल, त्याच्या शेजारची जागा मी तुझ्यासाठी सांगून ठेवलीय. दाजींना ह्यातलं काही माहीत नाही. मला काय बोलायचं ते नंतर बोल. आधी त्यांचा हात धर.

ज्योत वाढवणारा,
तुझा तडतड्या