हाडं पिकवणाऱ्या लेकीस

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

न्हाणीत घसरून माझ्या पायाचं हाड मोडलं, हे तुला कुणी सांगितलेलं नाही. मीच सगळ्यांची तोंडं बंद केली आहेत. प्लास्टर घातलंय. पण हाड वाकडं जुळलं तर? जुळलंच नाही तर? वर शेजारी चिडवतो, "मुलगी प्रयोगशाळेत हाडं पिकवते आणि बाप खाटेवर! पार्सलनं मागवा की एखादं!"

त्याला काय सांगू? तूच मला समजावलं होतंस. बाळाच्या नाळेतल्या रक्तातून पेशी काढायच्या, बशीत वाढवायच्या, दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं खाणं बदलायचं, तेव्हा कुठे त्या हाड धरू लागतात. माणसाच्या पायात घालायला अजून कैक वर्षं आहेत. परवा तुझ्या बशीत पहिल्यांदाच हाडातल्या चुन्याचे कण दिसले. सांगताना तू लहानपणीसारखी खिदळत होतीस.

हे पत्र पोचलं, तर बश्या तशाच सोडून तू धावत येशील आणि पेशी उपाशी मरतील. म्हणून पाठवत नाही. रविवारी फोनवर विचारशील, "बाबा, फिरायला जाता ना?" मी म्हणेन, "जातो की." तू विश्वास ठेव. फोन मात्र लगेच ठेवू नकोस.

तुझा काळजीखोर
बाबा