मापात धरलेली माया

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द या वेळी अगदी खरा आहे. गेला महिनाभर माझी आठही अंगं स्वतंत्रपणे दुखत होती आणि प्रत्येकाची वेगळी ओळख झाली.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून शेजाऱ्यांना त्याच्यावरच उठावं लागतं? इकडे सगळं ठीक. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतेस आणि मग मला पुढचं सांगवत नाही. पत्रात तू हसलीस तरी मला ऐकू येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

लेक पुढच्या महिन्यात तुमच्या शहरात नोकरीला येते आहे, पुलांचे नकाशे काढणाऱ्या कंपनीत, हे तुला कळलंच आहे. गेली दोन वर्षं आम्ही बापलेक दर रविवारी सकाळी सायकलवर निघतो. घरात ती माझ्याशी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बाबा, माझा चार्जर कुठे टाकलास’ एवढंच बोलते, पण सायकलवर बसली की तिचं तोंड सुटतं. कोणाशी भांडण झालं, कोणत्या मैत्रिणीचं लग्न का मोडलं, सगळं मला तिथेच कळतं. पण माझी जुनी लोखंडी सायकल तीस किलोमीटरांवर मला टेकीला आणते. मनगटं सुन्न, बूड बधिर. मग मी मागे फिरतो, ती पुढे जाते आणि उरलेल्या गप्पा तशाच राहतात. म्हणून मी ठरवलं की ती जायच्या आत एकदा तरी तिच्याबरोबर पुरते शंभर किलोमीटर जायचं. त्यासाठी लांब पल्ल्याची, आरामशीर, कार्बनची सायकल हवी होती. (आरामच हवा तर खुर्ची घ्या, असं तुझ्या वहिनीने सुचवलं. ती शाळेत गणित शिकवते, तिला उत्तर लहान आवडतं.)

आमच्याकडच्या सायकलवाल्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात, कारण तो पांढरा एप्रन घालतो आणि गिऱ्हाईक आलं की आधी ‘कुठे दुखतं’ असं विचारतो. त्याने समजावलं की यात दोन तऱ्हा असतात. एक शर्यतीची, जिच्यावर माणूस पडलेलं बटण शोधत असल्यासारखा वाकून बसतो. दुसरी दूरच्या प्रवासाची: हँडल जरा वर आणि जरा जवळ, टायर जाड, चढासाठी सोपे गिअर, आणि सांगाडा असा की रस्त्याचे बारीक हादरे तो स्वतःच गिळतो. मी म्हटलं, दुसरी. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. पण मग तो सहज बोलून गेला की कार्बन म्हणजे मुळात विणलेलं कापडच, थरावर थर लावून, डिंकासारखं रसायन पाजून, भट्टीत कडक केलेलं. ताई, कापड! त्या क्षणापासून मी गिऱ्हाईक उरलोच नाही. चष्मा कपाळावर चढवून वीण पाहिली, उभा धागा कुठला आणि आडवा कुठला ते त्यालाच समजावलं, दोन बोटांत धरून चुरगळून पाहिलं (चुरगळत नाही) आणि पहिल्या धुण्यात आटतं का तेही विचारलं. आटत नाही, असं तो म्हणाला, पण त्याचा आवाज जरा खोल गेला होता.

मग मापाचा विषय निघाला. माझ्या मापाचा सांगाडा मागवायचा तर पायाची आतली लांबी, धड आणि हात मोजायला हवे, म्हणून त्याने खिशातून टेप काढला. मी त्याचा हात वरच्या वर धरला. तीस वर्षं कोट-पँटी शिवतो आहे, माझ्या अंगाला दुसऱ्याचा टेप आजवर लागलेला नाही. तडक दुकानात आलो, आरशासमोर उभा राहिलो, कधी ओणवा होत, कधी एका पायावर नाचत सगळी मापं स्वतः घेतली, कागदावर लिहून खाली सही केली आणि पाठवून दिली. डॉक्टरचा फोन आला की पाय जरा लांब वाटतात. मी म्हटलं, माझं माप चुकल्याचं दाखव आणि माझी कात्री घेऊन जा. त्या बिचाऱ्याने त्याच मापाचा सांगाडा मागवला.

सायकल आली. काळी कुळकुळीत, आणि इतकी हलकी की मी ती एका हाताने उचलून आधी शेजारच्या औषधवाल्याला दाखवली, मग पोस्टमनला, मग पुन्हा औषधवाल्याला. उचलून दाखवण्यात दोन दिवस फार सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी तिच्यावर बसलो. सीट पार खाली केली तरी पेडलला जेमतेम चवडे लागत होते आणि हँडल पुढच्या गल्लीत होतं. दोरीवर ताणून घातलेल्या चादरीसारखा मी अख्खा रस्ता गेलो. मान आखडली, पाठ धरली, करंगळ्यांना मुंग्या आल्या. पहिल्या रविवारी मी सीटला दोष दिला, दुसऱ्या रविवारी रस्त्याला, तिसऱ्या रविवारी खुद्द कार्बनला. मध्यंतरी दोन कोटांचे खांद्यांचे पॅड उसवून चड्डीला आतून शिवले. (मागून पाहणाऱ्याला एखादा साहेब उलटा बसून चालला आहे असं वाटायचं, हे औषधवाल्याचं म्हणणं. त्याच्याशी मी आठवडाभर बोललो नाही.) एवढं करून बावीस किलोमीटरांवर मागे फिरलो. जुन्या लोखंडी सायकलवर तीस तरी होत होते. मला खरंच रडू यायचं बाकी होतं, कारण रविवार आता मोजकेच उरले होते.

शेवटी लेक दुकानात आली. तिने मला भिंतीला टेकवून उभं केलं, पायांत एक जाड वही धरायला लावली आणि माझ्याच टेपने मला मोजलं. (तीस वर्षांचा नेम मोडला, पण घरच्या माणसाकडून मोडला.) मग डॉक्टरकडून आणलेली माझी चिठ्ठी शेजारी ठेवली. पायात अडीच इंचांचा फरक, हातात एक, धडात दीड. तिने एकदा चिठ्ठीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “बाबा, यात माया धरलीस?”

ताई, धरली होती! शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला आम्ही माया म्हणतो हे तुला माहीत आहे (भाऊजींना सांग). इतर शिंपी ती कापताना धरतात. माझ्या उस्तादांची रीत वेगळी: माया मापातच मिळवून लिहायची, म्हणजे कापताना विसरायला नको. तीस वर्षं हात तसाच चालला आहे, तो सायकलसाठी कुठला थांबायला. लेक कापायच्या टेबलाखाली बसून हसली, इतकी की औषधवाला गोळी घेऊन आला.

वापरलेली सायकल डॉक्टर परत घेईना, आणि चिठ्ठी माझ्याच सहीची. मी खाली मान घालून बसलो असताना लेक सहज त्या सायकलवर चढली, आणि सायकल तिला बेतून शिवल्यासारखी बसली. उंचीला ती तुझ्यावर गेली आहे, मी रोज पाहत असूनही मला ते कळलं नव्हतं. तिची सायकल मी ती सोळा वर्षांची असताना घेतली होती, तेव्हाच्या मापाची. वाढत्या वयाच्या पोरीसाठी मी एक इंचही जादा धरला नाही आणि चोपन्न वर्षांच्या घोड्यासाठी अडीच धरले, याची मला फार लाज वाटली. इतकी वर्षं ती गुडघे छातीशी घेऊन पेडल मारत होती आणि कधी बोलली नाही. तिची जुनी सायकल मला नेमकी बसली. कार्बनची नाही, पण डॉक्टरने तिला जाड टायर चढवले, हँडल बोटभर वर घेतलं, आणि आधी माप, मग कार्बन, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो असं ऐकवलं.

गेल्या रविवारी निघालो. नव्या शहरात ओळखीचं कोणी नाही, ऑफिसात आपलं कसं होईल, याची तिला धास्ती वाटते, हे ती एका लांब चढावर बोलली. घरी सात जन्मांत बोलली नसती. मला दम लागला होता, त्यामुळे उपदेश करता आला नाही, आणि तेच बरं झालं असं वाटतं. ती बोलत राहिली, मी ऐकत राहिलो, आणि आम्ही शंभर किलोमीटर पूर्ण केले. आकडा अक्षरात लिहिला आहे, वाचण्यात चूक होऊ नये म्हणून.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याची हेळसांड करू नकोस.

तुझा धाकटा (आणि मोजमापाने आखूड) भाऊ

ता. क. : नवी सायकल लेकीबरोबर येईल. ती जिन्याखाली ठेवायची वस्तू नव्हे. तुमच्या बाहेरच्या खोलीत कपाटाशेजारची भिंत मोकळी आहे. साडेपाच फूट जागा लागेल, ऊन नको.

दुसरा ता. क. : सायकल रोज पुसायला तिच्याजवळ कोणीतरी राहायला हवं. लेक हॉस्टेलवर राहते म्हणते. तिला आग्रह करू नकोस, चिडेल. सायकलला कर. खरं तर एवढंच विचारायला लिहायला बसलो होतो, पण सुरुवातीलाच कसं लिहायचं ते सुचेना.

तिसरा ता. क. (अक्षर माझं, वहिनीचं) : ताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. शंभर नाही, बासष्ट. यांच्या पोटरीत पेटका आला आणि दोघांना, दोन्ही सायकलींसकट, मीच गाडीत घालून आणलं. लेक पुढे जाऊ शकली असती, गेली नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाली, बोलणं अर्धं राहिलं होतं. भेटेल त्याला ती शंभरच सांगते आहे. तुमच्याकडे आली की तुम्हालाही शंभरच सांगेल. मीही शंभरच धरले आहेत, तुम्हीही धरा.