आडनाव आधी, मग स्वल्पविराम

बोईसर,
४ फेब्रुवारी १९८७

प्रिय जमुना,

तुझा लेख टाइप करून झाला. संदर्भांची यादी तिसऱ्यांदा केली, आणि लेखच तिसऱ्यांवर, खाडीतल्या शिंपल्यांवर, असल्यामुळे ते शोभलंही. आता एक टिंब जरी हललेलं सापडलं, तर दातिवऱ्याहून येऊन माझा कान धर. लग्नाला अठरा दिवस राहिलेत आणि होणारी सासू साड्या सोडून टिंबांबद्दल लिहिते, म्हणून तुझी आई हसेल. हसू दे. फक्त एक जागा कोरी होती. लेखाच्या माथ्यावर, जिथे लेखिकेचं नाव यायचं, तिथे तू पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतंस. का, ते मला ठाऊक आहे. आमच्या वन्संनी, रखमाबाईंनी, माझ्या वामनला जुळणारं म्हणून 'वैजयंती' हे नाव तुझ्यासाठी निवडून ठेवलंय. ते तुझ्या कानावर आलं आणि तू हे प्रश्नचिन्ह काढलंस.

या कामात मला सुरुवातीला ओ की ठो कळत नव्हतं. पालघरचे एक प्राध्यापक पहिला लेख घेऊन आले, तेव्हा यादीतल्या लेखकांना मी आपण हाक मारतो तसं नावाने लावलं आणि आडनाव शेवटी टाकलं. मासिकाने लेख जसाच्या तसा परत पाठवला. 'एट अल' म्हणजे कुणी थोर शास्त्रज्ञ असावेत असं मला वर्षभर वाटत होतं, इतके लेख त्यांच्या नावावर! ते नुसते 'आणि इतर' आहेत हे कळलं त्या दिवशी मी एकटीच माझ्या टायपिंग क्लासमध्ये हसत बसले. आता कुणाला साल कंसात हवं आणि कुणाला शेवटी, हे मी झोपेतही सांगेन. तू पहिल्यांदा वही घेऊन आलीस, तेव्हा वामन टाइपरायटरच्या रिबिनी द्यायला आला होता. तासभर हलला नाही. तुला वाटलं मशीन बिघडलंय. बिघडलं होतं ते दुसरंच काहीतरी.

मूळ गोष्ट या लेखाचीच आहे. तू लिहिलं होतंस की वैतरणेच्या खाडीतल्या तिसऱ्या अंडी कधी घालतात हे रेगे यांनी १९६९ साली दाखवलं आणि १९७४ साली पोंक्षे यांनी त्याला स्वतंत्रपणे दुजोरा दिला. मी तसंच टाइप केलं. यादीत इंग्रजी अक्षरक्रमाने एक आर वर, एक पी वर, दोघांच्या मध्ये दुसरं एक नाव. मग तू पोंक्षेबाईंना प्रत मागणारं पत्र टाकलंस आणि त्यांनी 'दोन्ही माझेच' म्हणून दोन्ही लेख पाठवून दिले. वसुमती रेगे लग्नानंतर शालिनी पोंक्षे झाल्या होत्या. बाईने स्वतःच स्वतःला दुजोरा दिला होता आणि आपण त्यांना दोन साक्षीदार धरून बसलो होतो! तुझा चेहरा उतरला. सगळा निष्कर्ष पुन्हा खाडीत उतरून तपासावा लागला, चार महिने गेले. चूक तुझी नव्हती गं, माझीही नव्हती.

माझंही ऐक. मी माहेरची वत्सला जगदाळे. मिनिटाला चाळीस शब्दांची सरकारी परीक्षा त्या नावाने पास झाले. लग्नात ताटातल्या तांदळात 'रत्ना' उमटलं आणि मी रत्ना शिंदे झाले. त्र्याहत्तर साली एका कारखान्याच्या कचेरीत नोकरी मागायला गेले, तर साहेब म्हणाला, हे सर्टिफिकेट तुमचंच कशावरून? मला इतका राग आला की मी कागद उचलला आणि घरी येऊन स्वतःचा क्लास काढला. क्लास चांगला चालला, त्याचं दुःख नाही. पण ते सर्टिफिकेट भिंतीवर लावलं नाही, कारण ते कुणाचं असं शिकणाऱ्या मुली विचारतील.

रविवारी वन्सं आल्या. तुझी आईही होती. ती म्हणाली, "नाव बदलला तरी आमी जमूच म्हनू, दुसरा तोंडात येयाचा नाय." वन्सं फुगल्या. मग मी ते दोन लेख त्यांच्यापुढे ठेवले, दोन्ही नावांवर बोट ठेवून सांगितलं की ही एकच बाई आहे. वन्संनी दोन्ही कागद जवळ ओढून घेतले. मग म्हणाल्या, "लग्नाआधी आई-बा मला झुंबर म्हनायचे. आता म्हननारं कुनी ऱ्हायलं न्हाई." सव्वीस वर्षांत मला हे घरात कुणी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

तेव्हा हे पत्र एवढ्यासाठी, की ते प्रश्नचिन्ह मी खोडलंय आणि तिथे तुझं आत्ताचंच नाव टाइप करून लेख आज टपालात टाकलाय. तुला विचारलं नाही, त्याबद्दल लग्नानंतर भांड. तांदळाचं ताट मात्र येईल, वन्संची तेवढी हौस आहे, दचकू नकोस. वामनकडून मी रोज परातीत गिरवून घेतेय: तामोरे, ज. त्याने विचारलं, "आई, स्वल्पविरामसुद्धा?" मी म्हटलं, त्याशिवाय वन्सं ताट साभार परत करतील.

तुझीच,
जगदाळे, व.