निवडुंगाचा ग्लास

सावेडी, अहिल्यानगर
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

प्रिय मच्छूदादा,

नमस्कार. इकडं आम्ही सगळे ठीक. निकिताची चाचणी परीक्षा चालू आहे, गणित सोडून सगळं सोपं गेलं म्हणते. तुझी तब्येत कशी आहे? रतनआत्याचे गुडघे? सोबत तेलाची बाटली पाठवतोय. तिला म्हणावं, जपून ठेवू नको, रोज लाव. पत्र गनीभाईंच्या हाती देतोय. ते दर गुरुवारी खर्ड्याहून आमच्या बारला लिंबं आणतात आणि चारला टेम्पो घेऊन परत निघतात, हे तुला माहीतच आहे. एकटा असताना वाच, आणि शेवटपर्यंत वाच. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, ही खोड तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

बार सध्या ओस पडलाय. पितृपक्ष लागला की आपल्याकडचा पट्टीचा पिणारासुद्धा पंधरा दिवस माळकरी होतो. शेठ गल्ल्यावर माश्या मारतात, मी पुसलेलेच ग्लास परत पुसतो.

तसं आपल्या हेरांनी वर्षभर चांगलं नाव काढलं. तू आठवीत असताना लिहिलेली ती हेरांची वही मी अजून जपून ठेवली आहे. गेल्या दिवाळीत शेठनी नवं मेन्यूकार्ड काढलं, तेव्हा त्या वहीतल्या तीन हेरांवर मी तीन मार्टिनी बसवल्या. मैनाबाई, बांगड्या विकत छावणीत शिरणारी: जिन, व्हर्माउथ म्हणजे ती मसाल्याची वाइन जरा सढळ हातानं, आणि ऑलिव्हच्या जागी मिठातलं करवंद. सुभेदार काणा: तीच जिन, पण तळाशी व्हिनेगरमधला छोटा कांदा, एकच, त्याच्या डोळ्यासारखा. आणि तुझा लाडका निवडुंग. ग्लास बर्फात गार करायचा, व्हर्माउथनं नुसता विसळायचा, ती ओतून द्यायची आणि वर गारेगार जिन. फळ नाही, पान नाही. "आमच्या जिल्ह्यासारखा, कोरडा ठणठणीत," असं मी सांगायचो आणि पुण्याची माणसं हसून दुसरा मागवायची. मला फार बरं वाटायचं. घरात मला कोण एवढं ऐकून घेतं?

प्रत्येक नावाखाली तुझ्या वहीतल्या दोन-दोन ओळी छापल्या होत्या. तुला विचारूनच. तू म्हणालास, छाप, फक्त माझं नाव टाकू नको. तेव्हा काहीच झालेलं नव्हतं. वाळूवाल्यांनी नदीपात्रात कोतवालाच्या अंगावर डंपर घातला आणि ते तू पाहिलंस, ते यंदा जानेवारीत. आता एकोणीस तारखेला तुझी साक्ष, आणि तोवर तू आत्याकडं लपलेला. ती सख्खी आत्या नाही, मानलेली, म्हणून तिथं कोणी शोधायला येणार नाही, ही अक्कल माझीच.

सोमवारी दुपारी एक माणूस आला होता.

पांढरा शर्ट, पन्नाशीचा, बोलायला गोड. बारमध्ये आम्ही दोघंच. त्यानं कार्ड सावकाश वाचलं आणि निवडुंग मागवला. मी मन लावून बनवला. त्यानं बोट बुडवून रिवाजाप्रमाणे तीन थेंब उडवले आणि ग्लास तसाच ठेवला.

"घ्या ना," मी म्हणालो.

"पक्ष हाय. मी पीत न्हाई."

"मग मागवलात कशाला?"

"वाचून बरं वाटलं." त्यानं कार्डावर बोट ठेवलं. "ह्यो किल्ला खराच हाय का मनानं लिवलंय?"

त्या बोटाखाली तुझी ओळ होती. "जीव धोक्यात आला की निवडुंग किल्ल्यामागच्या चिंचेच्या घरी मुक्काम करी."

दादा, तुला आत्याकडं पाठवताना मला ती ओळ आठवली नाही. ते कार्ड रोज मी फडक्यानं पुसतो आणि मला आठवली नाही! त्या क्षणीही आठवली नाही. गिऱ्हाइकानं गोष्ट विचारली, मी खुलून सांगितलं. खर्ड्याचा किल्ला, म्हणालो. सुट्टीत आम्ही दोघं भाऊ तिथंच हेर-हेर खेळायचो.

"भाऊ म्हंजी मच्छिंद्र का?" तो म्हणाला.

मग माझ्या तोंडाला कुलूप लागलं. तुला असं लिहावंसं वाटतं की ते कुलूप निघालंच नाही. दोन दिवस मी मनात हे पत्र तसंच लिहीत होतो. त्यात मी त्याला हाकलून देत होतो.

तो म्हणाला, "तुमच्या निकिताची सायकल निळी हाय. साडेपाचला शाळा सुटती, अन् ती मैत्रिणीसाठी कोपऱ्यावर थांबती. लई गुणाची पोरगी. किल्ल्यामागं चिंच काय एकच हाय व्हय?"

मी घर सांगितलं. आत्याचं नाव सांगितलं. दाराला हिरवा रंग आहे, हे तर त्यानं विचारलंही नव्हतं.

उठताना त्यानं तो भरलेला ग्लास माझ्याकडं सरकवला. "आमच्यात पक्षात गेलेल्या मानसाच्या आवडीचं त्याच्या नावानं काढून ठेवत्यात. ह्यो ज्याचा हाय, त्याच्यासाठी ऱ्हाऊ द्या." तो गेल्यावर मी ग्लास मोरीत ओतला आणि तीनदा घासला. अजून वापरायची हिंमत झालेली नाही.

आत्याचा फोन मंगळवारपासून बंद लागतोय. लाईट नसेल, चार्जिंग नसेल, असं मी स्वतःला सांगतो. तुझा मोबाईल तर आपणच फोडून टाकला होता. मी स्वतः यायला हवं होतं. पण निकिताच्या शाळेसमोर सोमवारपासून एक पांढरी जीप उभी असते, आणि तिला सोडायला-आणायला मीच जातो. जीपमधला माणूस मला हात करतो.

गनीभाईंना सकाळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुमी लिवा. बाकीचं मी बघतो." पत्र मिळाल्या मिळाल्या आत्याला घेऊन त्यांच्या टेम्पोत बस. लिंबाचे रिकामे क्रेट मागं रचलेले आहेत, त्यांच्या आड जागा केली आहे. कपडे घेत बसू नकोस. तुझ्या वकीलबाईंचा नंबर गनीभाईंकडं दिलाय. साक्ष दे, दादा. मी बोललो म्हणून तू गप्प बसू नकोस.

गनीभाई तुम्हाला कुठं नेणार, ते मी विचारलेलं नाही. ते सांगायला लागले तर मी कानावर हात ठेवले. तूही कळवू नकोस. कोणी परत निकिताचं नाव घेऊन विचारलं, तर मी सांगेन. हे आता आपल्या दोघांनाही माहीत आहे.

वहीच्या पहिल्या पानावरचा नियम आठवतो? तोंड उघडणाऱ्या हेरानं यादीतलं आपलं नाव स्वतःच्या हातानं खोडायचं. चिंचा चोरल्याचं मी आत्याला सांगून टाकलं, तेव्हा तू माझ्याकडून ते करून घेतलंस. मी रडलो होतो. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर तूच ते परत लिहून ठेवलं होतंस, माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात.

आज वही काढून नाव पुन्हा खोडलं. खालीही सही करत नाही. या वेळी तू ते परत लिहू नकोस.

चार वाजत आले. टेम्पोचा हॉर्न वाजतोय.

आत्याला नमस्कार, जर ती घरी असेल तर.

तुझा